लेकराला ‘मी’ कोण देतं?

कंधार-मुखेडकडच्या एखाद्या घरात बाळंतीण आहे हे गल्लीला सांगावं लागत नाही. सकाळी चुलीवरच्या पाण्याचा धूर आणि ओव्याचा वास बाहेर येतो आणि पाठोपाठ न्हाणीतून लेकराचं रडणं. आत आजी पाटावर पाय लांब करून बसलेली असते. तिच्या दोन नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत दीड महिन्याची नात पालथी. आजीच्या हाताला तेल असतं आणि तोंडाला खंड नसतो. ‘कोण रडायलंय गं? आमची बाई रडायली? राग आला का गं माय तुला? आला, आला, लई राग आला. आता आपण पाठ चोळू, मग आपण भुर्र जाऊ.’ लेकराला यातला एकही शब्द कळत नाही. तरी आजी प्रश्न विचारते, उत्तरासाठी थांबते, लेकरानं नुसता हुंकार दिला तरी तो उत्तर म्हणून धरते आणि पुढे बोलते.

हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आले आणि त्याला माया म्हणत आले. माया ती आहेच. पण तान्ह्या मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्यांचं लेखन वाचू लागले तेव्हा लक्षात आलं की त्या अर्ध्या तासात आणखी एक काम चालू असतं. जिला अजून स्वतःचं नावही ठाऊक नाही, तिला कुणीतरी ‘तू’ म्हणत असतं. तिला राग येतो, तिला काही हवं असतं, हे गृहीत धरून तिच्याशी वागत असतं. ‘मी कुणीतरी आहे’ ही जाणीव माणसात याच वाटेनं येते. गेल्या पन्नास वर्षांत बालमानसशास्त्रानं सांगितलेल्या गोष्टींत मला ही सर्वांत मोलाची वाटते.

आधीच्या पिढ्यांतल्या शास्त्रज्ञांना हे दिसत नव्हतं. विल्यम जेम्स यांनी 1890 साली तान्ह्या बाळाचं जग म्हणजे सगळा गोंधळ आणि गलका असं चित्र रंगवलं आणि ते बराच काळ टिकलं. बाळ म्हणजे मातीचा गोळा, त्याला आपण आणि आईसुद्धा वेगळे वाटत नाहीत, अशी समजूत होती. पुढे प्रयोगांनी ती मोडली. 1980 साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकी संशोधकांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. चोखण्याची लय बदलली की कानावर पडणारा आवाज बदलायचा: एका लयीला स्वतःच्या आईचा, दुसऱ्या लयीला परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज ऐकू येईल अशी लय धरली. पोटात असतानाच तो आवाज त्यांच्या ओळखीचा झाला होता. 1997 साली फिलिप रोशा आणि सुसान हेस्पॉस यांनी आणखी साधी गोष्ट पाहिली. बाळाच्या गालाला स्वतःचाच हात लागला तर ते फारसं वळत नाही, दुसऱ्याचं बोट लागलं तर तोंड उघडून तिकडे वळतं. म्हणजे ‘हे माझं अंग’ आणि ‘हा दुसऱ्याचा स्पर्श’ यांतली सीमारेषा जन्माच्या वेळीच पुसटशी आखलेली असते. ती ठळक होते ती माणसांच्या हातांनी.

इथे मला पुन्हा आजीचे तेलाचे हात आठवतात. आपल्या त्वचेत काही मज्जातंतू असे आहेत की ते सावकाश, कुरवाळणाऱ्या स्पर्शालाच सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर एवढ्या वेगाचा हात त्यांना मानवतो. कुठे काय टोचलं हे सांगण्याचं काम त्यांचं नाही, ते काम दुसऱ्या तंतूंचं. हे तंतू ‘बरं वाटतंय’ एवढंच कळवतात. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लेबॉये यांनी कोलकात्यात एका आईला लेकराला असं चोळताना पाहिलं आणि 1976 साली त्यावर ‘शांताला’ नावाचं पुस्तक काढलं. त्यानंतर युरोपात बाळाचं मालिश शिकवण्याचे वर्ग निघाले. आपल्याकडे ते शिकवायला पायावर घेणारी आजी किंवा न्हाऊ घालायला येणारी बाई होती. तिच्या सगळ्याच गोष्टी उचलाव्यात असं मात्र मी म्हणणार नाही. डोळ्यांत काजळ, कानात तेल, तान्ह्याला चाटवलेला मध आणि बंद खोलीतली शेगडीची धुरी हे डॉक्टर नको म्हणतात ते योग्यच आहे. चोळणं आणि बोलणं मात्र ठेवावं.

आपल्याकडे लेकरू झोपेत हसलं की म्हणतात, सटवाई हसवते. पाचवीला पुजलेली ती देवी लेकराच्या कानात काहीबाही सांगते म्हणे. अभ्यासकांनाही हे झोपेतलं हसू वेगळं नोंदवावं लागलं. पहिल्या काही आठवड्यांतलं हे हसू आतून उमटतं, समोर कोणी असो वा नसो. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला दुसरं हसू येतं, डोळ्याला डोळा देऊन, समोरच्या माणसासाठी. सव्वा महिना संपता संपता आई सांगू लागते, ‘आता ओळखून हसायलंय.’ ‘ओळखून’ हा तिचा शब्द अगदी नेमका आहे.

या वयाच्या बाळांचं आईबरोबरचं ‘बोलणं’ कॉल्विन ट्रेव्हार्थन यांनी चित्रफितींवर टिपलं. ते पुढे एडिंबरा विद्यापीठात अनेक वर्षं शिकवत होते. दोन महिन्यांचं बाळ हुंकार देतं, आई त्याच पट्टीत उत्तर देते, बाळ थांबतं, आई थांबते, पुन्हा बाळाची पाळी. चित्रफीत सावकाश फिरवली की दोघांची लय एखाद्या भजनातल्या टाळ-मृदंगासारखी जुळलेली दिसते. ती लय तुटली तर काय होतं हे एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1978 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसलं. आईनं आधी बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग दोन-तीन मिनिटं त्याच्यासमोरच, त्याच्याकडे बघत, चेहरा दगडासारखा ठेवायचा. बाळ आधी हसून बघतं. मग हात पुढे करतं, आवाज काढतं, म्हणजे आतापर्यंत जे जे चाललं ते सगळं करून बघतं. काहीच उपयोग होत नाही म्हटल्यावर मान फिरवतं, अंग आक्रसून घेतं आणि शेवटी रडतं. आई समोर असते, तिनं त्याला मारलेलं नसतं, ते उपाशीही नसतं. त्याच्या असण्याला उत्तर मिळेनासं झालेलं असतं, एवढंच. मोबाइलमध्ये डोळे घातलेला चेहरा बाळाला असाच दिसतो, हेही पुढच्या प्रयोगांत दिसलं आहे.

मूळ भारतीय वंशाच्या, पोर्ट्समथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ वासुदेवी रेड्डी यांचं काम मला याहून जवळचं वाटतं, कारण त्यांनी प्रयोगशाळेत नवं काही घडवण्याऐवजी घरात रोज घडणारं पाहिलं. आपण ‘ये’ म्हणून दोन्ही हात पुढे करतो तेव्हा दोन ते चार महिन्यांचं बाळ, हात अंगाला लागण्याआधीच, पाय ताठ करतं, खांदे उचलतं, स्वतःला उचलून घ्यायला सोपं करतं. म्हणजे समोरच्याच्या मनात काय आहे ते आपल्याबद्दल आहे, हे त्याला अंगानं कळलेलं असतं. त्याच वयात कुणी कौतुकानं बघितलं की बाळ हसता हसता मान वळवतं आणि आपण म्हणतो, ‘लाजलं बघ!’ सात-आठ महिन्यांचं लेकरू एकदा केलेली गंमत सगळे हसले म्हणून पुन्हा पुन्हा करून दाखवतं. आणखी थोड्या दिवसांत हातातला भाकरीचा तुकडा ‘घे’ म्हणून पुढे करतं आणि तुम्ही हात पुढे केलात की मागे ओढतं. रेड्डी यांच्या ‘हाऊ इन्फन्ट्स नो माइंड्स’ (2008) या पुस्तकाचं सांगणं असं की बाळ आधी लांबून माणसं न्याहाळून मग त्यांच्याबद्दल अंदाज बांधत नाही. कुणीतरी त्याच्याशी ‘तू’ म्हणून वागतं, त्या वागण्यातच त्याला दुसराही कळतो आणि आपणही.

मग साहजिक प्रश्न येतो: ज्या चेहऱ्यात लेकरू स्वतःला शोधतं, तो चेहरा कुठल्या अवस्थेत आहे? ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट आईच्या चेहऱ्याला बाळाचा पहिला आरसा मानत. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी गोव्यात 270 बाळंतिणींचा अभ्यास केला. तो 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यातल्या 23 टक्के बायकांमध्ये नैराश्याचा आजार आढळला. म्हणजे बाळ ‘ओळखून हसायला’ लागतं नेमक्या त्याच दिवसांत. गरिबी, उपासमार, नवऱ्याशी बिनसलेलं असणं ही कारणं तर होतीच. मुलगी झाली हेही एक कारण होतं. मराठवाड्यात राहणाऱ्या कुणालाही हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. तिसरी मुलगी झाल्यावर घरात पसरणारी शांतता आपण ऐकलेली आहे. ती शांतता बाळंतिणीच्या चेहऱ्यावर उतरते आणि त्या चेहऱ्यासमोर दीड महिन्याची पोर उत्तराची वाट बघत असते. सुदैवानं लेकराला आरसा एकच नसतो. मावशी असते, आजी असते, थोरली बहीण असते. आईचं माहेरपण लांबवायला सासरच्यांनी खळखळ केली की मला राग येतो तो यामुळेच.

शांततेच्या जागी कधी कधी शब्द येतो आणि तो त्याहून वाईट असतो. सातारा जिल्ह्यात मुलींची नावं ‘नकुसा’, ‘नकोशी’ अशी ठेवलेली होती. ऑक्टोबर 2011 मध्ये जिल्हा परिषदेनं कार्यक्रम घेऊन अशा 285 मुलींना नवी नावं दिली. साडेचार महिन्यांचं बाळ स्वतःच्या नावाचा ध्वनी इतर नावांतून वेगळा ओळखतं, हे 1995 साली डेनिस मँडेल, पीटर जुस्झिक आणि डेव्हिड पिसोनी यांनी दाखवलेलं आहे. अर्थ कळायच्या कितीतरी आधी नाव अंगात मुरतं. नवस-सायासानं झालेल्या मुलाला नजर लागू नये म्हणून धोंडिबा, दगडू, केरबा म्हणण्याची रीत आपल्याकडे होती. त्या नावांमागे लपवलेली माया तरी होती. ‘नकोशी’मागे ती नव्हती. ते नाव बदलणं ही त्या जिल्ह्यानं केलेली फार मोठी गोष्ट होती.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल आपण पश्चिमेकडच्या पुस्तकांशी थोडं भांडलं पाहिजे. ‘मी’ची जाणीव आली की नाही हे तपासायची ठरलेली परीक्षा आरशाची आहे. गॉर्डन गॅलप यांनी 1970 साली चिंपांझींवर आणि ब्यूला ॲम्स्टरडॅम यांनी 1972 साली मुलांवर ती केली. लेकराच्या नाकाला नकळत रंग लावायचा आणि आरशासमोर न्यायचं. त्यानं आरशातल्या मुलाला हात लावला तर नापास, स्वतःच्या नाकाला लावला तर पास. युरोप-अमेरिकेत दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलं पास होतात. हायडी केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी कुटुंबांत हे पाहिलं तेव्हा तिथली मुलं मागे पडली. पण तीच मुलं ‘हे नेऊन दे’, ‘इथं थांब’ असं सांगितलेलं ऐकण्यात त्याच वयाच्या इतर देशांतल्या मुलांच्या पुढे होती. केलर यांचं म्हणणं असं: बाळाला समोर ठेवून, चेहऱ्याला चेहरा भिडवून, खेळणं दाखवत वाढवलं तर ‘मी वेगळा’ ही जाणीव लवकर येते. कडेवर, पाठीवर, अंगाला अंग लावून वाढवलं तर ‘मी यांच्यातला’ ही जाणीव लवकर येते. त्यांच्या पुढच्या अभ्यासात दिल्लीच्या नंदिता चौधरी होत्या आणि दिल्लीची मुलंही होती. भारतातलं शहर आणि भारतातलं खेडं यांत त्या अभ्यासकांना फरक दिसला.

मला स्वतःला आरशाच्या परीक्षेबद्दल आणखी एक शंका आहे. आपल्या लेकराच्या गालावर, कपाळावर, तळपायावर रोज तीट असते. चेहऱ्यावर काळा ठिपका दिसणं ही त्याच्या दृष्टीनं रोजची बाब. तो पुसायला हात गेला नाही तर त्याला स्वतःची ओळख पटली नाही, असं कसं म्हणायचं?

आपल्या घरातला ‘मी’ तपासायचा असेल तर आरशापेक्षा आपली भाषा ऐकावी. बाळाशी बोलताना मराठी माणूस स्वतःला ‘मी’ म्हणतच नाही. ‘आजीला पापा दे’, ‘आत्याकडं ये’, ‘मामा आलाय बघ’. सगळे जण लेकराच्या जागी उभे राहून स्वतःचं नाव सांगतात. आईसुद्धा आपल्या सासूला लेकरासमोर ‘आजी’ म्हणते. लेकराला केंद्र धरून सगळं घर आपली नाती नव्यानं मांडून घेतं. त्यात पुन्हा आपलं ‘आपण’. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा येत नाही, ‘आपण’मध्ये येतो. हा भेद इंग्रजीत नाही, हिंदीत नाही, मराठीत आणि शेजारच्या तेलुगूत आहे. देगलूर-बिलोलीकडचं लेकरू तो दोन दोन भाषांतून ऐकतं. ‘आपण न्हाऊ’, ‘आपण जेवू’ असं ‘आपण’ त्यानं हजारदा ऐकलेलं असतं, ‘मी’ तोंडात यायच्या आधी.

बाळाशी बोलण्याची मराठी वेगळी असते, हे भाषाशास्त्रज्ञांनी फार आधी टिपलं. पुण्याचे अशोक केळकर यांनी 1964 साली मराठीतल्या बाळबोलीवर इंग्रजीत लेख लिहिला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी जगातल्या सहा भाषांतली बाळबोली तपासली, त्या सहांत मराठी होती. मंमं, भू, गाई, भुर्र हे शब्द आपल्याला किरकोळ वाटतात. पण मोठ्या माणसानं लेकरासाठी आपली जीभ वाकवली आहे, हे ते शब्द सांगतात.

मग दीड-दोन वर्षांचं झालं की लेकरू आधी स्वतःला नावानं म्हणतं: ‘बाळाला पायजे.’ कधी ‘तुला पायजे’ म्हणतं, कारण त्याला सगळे ‘तू’च म्हणत आलेले असतात. ‘मी’ हा शब्द अवघड असतो, कारण तो प्रत्येकाच्या तोंडी वेगळ्या माणसाचा असतो. मराठीत त्याला आणखी एक गाठ आहे. ‘मी जातो’ की ‘मी जाते’? दिवसभर बायकांच्या संगतीत असलेला मुलगा बिनधास्त ‘मी जाते’ म्हणतो, घर हसतं आणि कुणीतरी दुरुस्त करतं. आपण मुलगा आहोत की मुलगी, हे मराठी लेकराला अशा रीतीनं क्रियापदाच्या शेवटाला भेटतं.

‘मी’ला भूतकाळ लागतो आणि तोही दुसरेच देतात. मोठ्यांना आठवणारी पहिली आठवण साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीत जमीन हादरली तेव्हा लातूर-उस्मानाबादकडची जी लेकरं पाळण्यात होती, ती आज तिशी ओलांडलेली माणसं आहेत. ती पहाट त्यांना आठवणं शक्य नाही. तरी त्यांच्यातल्या ज्यांची आई गेली त्यांना आई कशी होती हे ठाऊक असेल, तर ते मावशीनं, चुलतीनं, गावानं सांगितल्यामुळे. ‘तू तिच्यासारखी चालतेस’ हे वाक्य ऐकत वाढलेल्या मुलीला आईचा चेहरा आठवत नसला तरी स्वतःच्या चालण्यात ती सापडते. भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली गेली. घरं भक्कम झाली, रस्ते रुंद आणि सरळ झाले. जुन्या गावात भिंतीला भिंत होती आणि ओट्यावरून शेजारणीच्या मांडीवर लेकरू द्यायला हात पुरायचा. नव्या वसाहतीत घरं लांब लांब गेली, ही तक्रार तेव्हापासून ऐकू येते. इंजिनियरांनी भूकंपाचा विचार केला, तो करायलाच हवा होता. लेकरू किती मांड्यांवरून फिरेल याचा विचार कुणी केला नसावा.

आता सर्वांत दुखरी जागा. दिवाळीच्या आगेमागे कंधार, मुखेड, लोहा, जळकोट, अहमदपूरच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीची माणसं निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, त्यामुळे बाळंतीण आहे म्हणून कोयता अर्धा होत नाही. पहाटे फडात जायचं, लेकरू पाचटावर किंवा झाडाला बांधलेल्या झोळीत. झोका द्यायला सात-आठ वर्षांची बहीण. तिचा हात, तिची गाणी, तिची कूस, एवढंच त्या लेकराला दिवसभर मिळतं. ती पोर हे काम जिवापाड करते, मी पाहिलं आहे. पण तिचीही शाळा तिकडे गावात बुडत असते. दुसरा मार्ग म्हणजे लेकराला गावात आजीपाशी ठेवून जाणं. पाच-सहा महिन्यांनी आई परत येते तेव्हा दीड वर्षाचं लेकरू आजीच्या लुगड्यामागे लपतं. आईला रडू फुटतं. त्या लेकराचं काहीही चुकलेलं नसतं. त्यानं आपला ‘मी’ जिच्याभोवती बांधला तिच्याजवळ ते उभं असतं. आईनं अशा वेळी ओढून न घेता दोन-चार दिवस शेजारी बसून राहावं. लेकरू येतं.

ऊसतोड कामगारांच्या शाळकरी मुलांसाठी सरकारनं वसतिगृहांची योजना आणली, ती चांगली आहे. सहा महिन्यांच्या लेकराला वसतिगृहात ठेवता येत नाही. केंद्र सरकारनं 2024 साली जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा काढला. लेकराशी बोला, खेळा, त्याच्या हुंकाराला उत्तर द्या, हेच त्यात महिन्या-महिन्यानुसार लावून दिलं आहे. तो अंगणवाडी ताईच्या हातात आहे आणि ताई गावात आहे. लेकरू मात्र हंगामभर कारखान्याच्या तळावर कोपीत असतं. तेव्हा साखर कारखान्यांच्या संचालकांना आणि जिल्हा परिषदांना एवढंच मागणं आहे: गाळप सुरू होण्याआधी तळावर पाळणाघर सुरू करा. एक पत्र्याची खोली, स्वच्छ पाणी, चार झोळ्या आणि त्याच टोळीतल्या दोन वयस्क बायका, ज्यांना मांडीवर घेऊन लेकराशी बोलत बसण्याची मजुरी मिळेल. ऊस तोडण्याइतकीच मिळावी.